जिथं गाण्याला मनाई आहे

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे जगभर ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांना, एक सवय आहे. त्यांच्या छंदाबद्दल कुणी विचारलं की ते यादी पुढे करतात. यादीत राजे असतात, अंतराळवीर असतात, राजीव गांधी असतात (व्हीयू२आरजी), आणि मग गाणारे-वाजवणारे येतात. ईगल्सचा गिटारिस्ट जो वॉल्श: डब्ल्यूबी६एसीयू. चेट अ‍ॅटकिन्स: डब्ल्यू४सीजीपी. रॉनी मिलसॅप: डब्ल्यूबी४केसीजी. थर्टी-एट स्पेशलचा बेस वाजवणारा लॅरी जन्स्ट्रॉम: के४ईबी. आपल्याकडचा, अभिनयाबरोबर गाणारा कमल हासन: व्हीयू२एचएएस. नाव, कॉल साइन, संपलं. शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की मोर्स कोड हेही एक संगीतच, म्हणून संगीतकारांना रेडिओचं वेड लागतं.

हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की त्याच्याशी भांडावंसं वाटू लागलं. कारण या छंदाचा एक साधा नियम ते वाक्य लिहिणारे विसरतात. हौशी रेडिओवर संगीत वाजवायला मनाई आहे. अमेरिकेच्या नियमावलीत तर संगीताचं नाव घेऊन तसं लिहिलेलं आहे, एखाददुसरा अपवाद सोडला तर. आपल्याकडेही हा परवाना मनोरंजनाच्या प्रसारणासाठी नसतो. तुम्ही बोलू शकता, मोर्स पाठवू शकता, अँटेना कोणती लावली, पाऊस पडतोय का, हे सांगू शकता. गाऊ शकत नाही. म्हणजे जो वॉल्श ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा सोलो भरल्या स्टेडियमसमोर वाजवतो आणि घरी येऊन अशा एका खोलीत बसतो, जिथं तोच सोलो वाजवला तर नियमभंग होईल.

मला प्रश्न पडतो तो इथं. गाण्यावर जगणारी माणसं जिथं गाणं चालत नाही तिथं का जातात? आणि त्यांच्या संगीताचं पुढे काय होतं?

या प्रश्नात माझा थोडा स्वार्थ आहे, तो सांगून टाकतो. मी यवतमाळचा. तबला वाजवतो, पोटासाठी नाही, एका भजनी मंडळात. आमच्या भागात भजन म्हटलं की तुकडोजी महाराजांची खंजिरी आधी आठवते, तबला मागून येतो. दोनेक वर्षांपूर्वी मंडळातल्या पोरांनी रील टाकायला सुरुवात केली, आणि टाकणाऱ्यांत मी पुढे होतो. चाळीस सेकंदांचा तुकडा, त्यात तिहाई असलीच पाहिजे, समेवर हात वर गेलाच पाहिजे. हळूहळू असं झालं की भजन चालू असताना मी पेटी ऐकेनासा झालो. खंजिरीवाले काका लय किंचित मागे धरतात, ती त्यांची खासियत. मी ती पुढे ओढायला लागलो. एका रात्री ते एवढंच म्हणाले, “बाबू, तू आता आमच्यासंग वाजवत नाहीस.” त्याच सुमारास, निव्वळ रिकामपणी, मी फोनवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडला. हा एक खराखुरा रेडिओ आहे, एन्शेडे नावाच्या गावात अँटेनाला जोडलेला, आणि तो ब्राउझरमधून कुणालाही फिरवता येतो. चौदा मेगाहर्ट्झच्या थोडं वर गेलो तर शिट्ट्यांचं जंगल. कुणाला माझ्या हार्ट-लाइकशी घेणं नव्हतं. मी बोलूच शकत नव्हतो. फक्त ऐकायचं.

मग मोर्स शिकायला घेतला. इथं तबलजीला खरोखर एक फायदा असतो, तो मान्य करतो. नवशिके मोर्सचा तक्ता पाठ करतात: टिंब, रेघ, टिंब. आणि तिथंच अडकतात. कारण कान कधी टिंबं मोजत नाही. जाणते सांगतात की अक्षर आवाजानं शिका, ‘दि-दा’ असं म्हणत, पुऱ्या वेगात, आणि मोजू नका. आपल्याकडे तबला असाच शिकवतात. हाताआधी तोंड. ‘तिरकिट’मध्ये किती आघात हे कुणी मोजत नाही, तो एकच शब्द असतो. जुने ऑपरेटर एकमेकांना नावाआधी हातावरून ओळखत, आणि या ओळखीसाठी त्यांचा इंग्रजी शब्द ‘मूठ’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश चोरून ऐकणाऱ्यांनी याच मुठीवरून कोणता जर्मन ऑपरेटर कुठून कुठं हलला हे ताडलं होतं. आपण म्हणतो ना, अमक्याचा हात ओळखू येतो. तेच.

पण इथून ‘मोर्स म्हणजे संगीत’ अशी उडी मारायला मी तयार नाही, आणि कारण तांत्रिक आहे. मोर्स पाठवणारा फक्त एक वाहक लहर चालू-बंद करत असतो. त्या लहरीला कानाला ऐकू येईल असा स्वर नसतो. ऐकणाऱ्याच्या रेडिओत दुसरी एक लहर तयार होते, ती आलेल्या लहरीत मिसळते, आणि दोघींच्या वारंवारितेतला जो फरक, तो शिट्टी म्हणून ऐकू येतो. म्हणजे शिट्टीची पट्टी पाठवणारा ठरवत नाही, मी ठरवतो. बहुतेक लोक ती सहाशे-सातशे हर्ट्झच्या आसपास ठेवतात. मी ती ५५४ वर आणून ठेवतो, म्हणजे ती काळी एकला येते आणि माझ्या तबल्याशी भांडत नाही. त्याच क्षणी तोच माणूस जपानमध्ये कुणाला पांढरी चारमध्ये ऐकू येत असेल. लय त्याची, सूर माझा. असं कोणतंही संगीत मला माहीत नाही. मैफलीत श्रोता दाद देतो, षड्ज देत नाही.

हे नीट कळलं ते रश या कॅनडाच्या बँडचं ‘वायवायझी’ ऐकताना. १९८१च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अल्बममधली ही शब्दांविना रचना. ‘वाय-वाय-झेड’ ही टोरांटोच्या विमानतळाची खूण. विमानांना दिशा कळावी म्हणून ती मोर्समध्ये सतत प्रसारित होत असते, आणि बँडच्या लोकांनी ती कॉकपिटमध्ये ऐकली. तीच लय त्यांनी रचनेच्या सुरुवातीला घेतली, आधी नील पिअर्टच्या छोट्या घंट्यांवर आणि मग सगळ्या बँडवर. रशचे लोक काही हौशी रेडिओवाले म्हणून ओळखले जात नाहीत. तरी मोर्स आणि संगीत म्हटलं की सगळे हेच उदाहरण देतात, म्हणून ते तपासून पाहू.

मोर्समध्ये ‘वाय’ म्हणजे रेघ-टिंब-रेघ-रेघ आणि ‘झेड’ म्हणजे रेघ-रेघ-टिंब-टिंब. रशनं टिंबाला अर्धी मात्रा दिली आणि रेघेला एक. आता मोजा. पहिला ‘वाय’ साडेतीन मात्रा, दुसरा ‘वाय’ साडेतीन, ‘झेड’ तीन. एकूण दहा. झपतालाइतकंच आवर्तन, पण विभाग दोन-तीन-दोन-तीन नाहीत, साडेतीन-साडेतीन-तीन आहेत. हे हातानं टाळी देत मोजलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. कोणत्याही तबलजीला होईल. असा तुकडा आपल्या बंदिशीतही शोभला असता.

पण खरा मोर्स असा नसतो. त्यात रेघ टिंबाच्या तिप्पट असते, दुप्पट नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात विराम मोजलेले असतात. अक्षराच्या आत, दोन खुणांमध्ये, एका टिंबाएवढा. दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढा. दोन शब्दांमध्ये सात. या हिशोबानं एक ‘वाय’ १३ एकक, ‘झेड’ ११, मधले दोन विराम सहा, आणि शब्दानंतरचा विराम सात. बेरीज ५०. गंमत म्हणजे मोर्सचा वेग मोजायला जगभर जो नमुन्याचा शब्द घेतात, ‘पॅरिस’, तोही नेमका ५० एककांचा असतो. म्हणजे टोरांटोची ही खूण मोर्सच्या मापानं बरोब्बर एक शब्द भरते. मिनिटाला बारा शब्दांच्या वेगानं पाठवली तर पाच सेकंद.

या पन्नासांपैकी आवाज किती आणि शांतता किती? आठ रेघांचे चोवीस, चार टिंबांचे चार: अठ्ठावीस एकक आवाज. बावीस शांतता. जवळजवळ निम्मी. रशनं ही बावीस एककं पुसून टाकली. बरोबरच केलं, नाहीतर त्यातून रॉक उभा राहिला नसता. पण म्हणून ‘वायवायझी’ हे मोर्सचं संगीत झालं असं मी म्हणणार नाही. तो मोर्सच्या कातडीचा ढोल आहे. आतला जीव, म्हणजे पुढचं अक्षर कोणतं येईल याची वाट पाहायला लावणारी ती जागा, त्यात उरलेली नाही. ती रचना तुमच्याशी बोलते, उत्तराची वाट पाहत नाही. आणि हौशी रेडिओचा सगळा जीव उत्तरात असतो.

म्हणून खरोखर परवाना असलेल्या संगीतकारांकडे वळतो. तिथं रेडिओनं संगीताला काय दिलं हे शोधायला गेलं की कोड ऐकू येत नाहीच, वेगळंच काही हाती लागतं.

चेट अ‍ॅटकिन्स घ्या. नॅशव्हिलच्या कंट्री संगीताला ज्यानं चकचकीत रूप दिलं तो गिटारिस्ट आणि निर्माता. त्याची पुढची कॉल साइनही त्याच्या गमतीची होती. ‘सीजीपी’ म्हणजे ‘सर्टिफाइड गिटार प्लेयर’, ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला आणि मोजक्या दोस्तांना दिली होती. पण परवान्याच्या कितीतरी आधी, पोरवयात, दम्यामुळे त्याला जॉर्जियात वडिलांकडे राहायला पाठवलं होतं, आणि तिथं सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या दमदार स्टेशनवर त्यानं मर्ल ट्रॅव्हिसचं गिटार ऐकलं. बेस आणि चाल दोन्ही एकाच वाद्यावर, एकाच वेळी. ट्रॅव्हिस हे सगळं अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर काढत असे. पोराला ते दिसत नव्हतं. एवढं सगळं दोन बोटांत होणार नाही, असं त्याला वाटलं. त्यानं अंगठा आणि तीन बोटं कामाला लावली. पुढे प्रत्यक्ष ट्रॅव्हिसला पाहिलं तेव्हा कळलं की आपण चुकलो, पण तोवर ती चूक एक शैली झाली होती.

आपल्याकडे एकलव्याची गोष्ट लगेच आठवते, पण ती इथं बसत नाही. एकलव्यासमोर निदान पुतळा होता, आणि त्यानं द्रोणाला शिकवताना पाहिलंही होतं. भीमसेन जोशींनी लहानपणी दुकानात अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि पुढे घर सोडलं, ते गुरू शोधायला. म्हणजे रेकॉर्डनं त्यांना माणसाकडे ढकललं. कुमार गंधर्व तर पोरवयातच रेकॉर्डींमधल्या उस्तादांची हुबेहूब नक्कल करत, आणि मग देवधर मास्तरांकडे आले. अ‍ॅटकिन्सच्या गोष्टीत गुरूकडे जाणं नाही. न दिसणाऱ्या हाताची कल्पना करणं आहे. हे रेडिओवाल्याचं मन आहे असं मला वाटतं. खरखरीतून जेवढं आलं तेवढ्यावर उरलेलं रचायचं, आणि रचलेलं चुकलं तरी चालवून घ्यायचं.

अल्व्हिनो रे याची गोष्ट हाताची आहे, कानाची कमी. १९०८ साली जन्मलेला, पोरवयापासून रेडिओ जुळवणारा, कॉल साइन डब्ल्यू६यूके. तीसच्या दशकात स्टील गिटार वाजवणारा नावाजलेला कलाकार. १९३५ साली गिब्सन कंपनीनं त्याला इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचा नमुना तयार करायच्या कामात घेतलं. नंतर कंपनीच्या माणसांनी ते काम पुरं केलं आणि पुढच्या वर्षी गिब्सनचं ईएस-१५० बाजारात आलं. रे यांना इलेक्ट्रिक गिटारचा जनक वगैरे म्हणणं वाढवून सांगणं होईल. पण तारेचं कंपन आणि चुंबकाभोवतीची गुंडाळी यांचं नातं ज्यानं पोरपणी डागणी हातात धरून बोटं पोळून घेतली त्यालाच आधी सुचणार. इथं रेडिओ संगीतात उतरला तो वर्कशॉपच्या दारातून.

आणि आता यादीतले बाकीचे. प्रामाणिकपणे सांगतो, लॅरी जन्स्ट्रॉमच्या बेसमध्ये मी रेडिओ शोधला आणि मला काहीही सापडलं नाही. तो लिनर्ड स्किनर्डच्या सुरुवातीच्या दिवसांतला माणूस, मग वर्षानुवर्षं थर्टी-एट स्पेशलमध्ये, २०१९ साली वारला. दूरदूरची स्टेशनं पकडण्याचा त्याला जबर नाद. बेस मात्र सरळ, घट्ट, दणकट. जो वॉल्शच्या गिटारमध्येही मला काही सापडत नाही. सत्तरच्या दशकात हॉटेलच्या खोल्या मोडण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस जुने व्हॅक्यूम ट्यूबचे संच प्रेमानं दुरुस्त करतो, हे कळल्यावर त्याचं गाणं वेगळं ऐकू येतं का? मला नाही येत. समीक्षकाला हे कबूल करणं जड जातं, कारण आमचा धंदाच धागे दाखवण्याचा. पण काही वेळा छंद हा कलेचा छुपा झरा नसतो. तो कलेपासूनची सुट्टी असतो.

रॉनी मिलसॅपचं थोडं निराळं. तो जन्मापासून जवळजवळ अंध. लहानपणीच त्याला उत्तर कॅरोलिनात रॅली इथल्या अंधशाळेत घातलं, आणि तिथं त्याला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं शिक्षण मिळालं. रंगमंचावर सगळे त्याला पाहतात, तो कुणाला पाहू शकत नाही. रेडिओवर कुणीच कुणाला पाहत नाही. तिथं तो पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीचा होत असेल. हा माझा तर्क आहे.

सुट्टी म्हणालो, ती कशापासून? इथं या छंदाची एक रीत सांगायला हवी, कारण मला ती फार मोलाची वाटते. दोन स्टेशनांची गाठ पडली की पहिलं काम म्हणजे एकमेकांचा आवाज कसा येतोय ते सांगणं. तीन आकडे. पहिला, किती समजतंय: एक ते पाच. दुसरा, किती जोरात येतंय: एक ते नऊ. तिसरा मोर्ससाठी, स्वर किती स्वच्छ आहे: एक ते नऊ. ही जगातली सगळ्यात छोटी समीक्षा आहे. त्यात तुम्ही कोण आहात, किती मोठे, याला जागा नाही. चेट अ‍ॅटकिन्सलाही समोरच्यानं ‘तीन-चार-सात’ दिले तर विषय संपला. अँटेना नीट लाव.

पण या रीतीचं काय झालं तेही ऐका. स्पर्धांमध्ये, जिथं चोवीस तासांत शेकडो गाठी घ्यायच्या असतात, तिथं सगळे सगळ्यांना पाच-नऊ-नऊच देतात. न ऐकताच. मोर्समध्ये तर नऊ हा आकडा लांब पडतो म्हणून त्याच्या जागी ‘एन’ अक्षर पाठवतात. पाच-एन-एन, पुढचा. कधी कधी तर पाच-नऊ-नऊ देऊन लगेच विचारतात, तुमची कॉल साइन पुन्हा सांगा, नीट ऐकू आली नाही! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो आणि मग फोन खाली ठेवला. आमच्या रीलखालच्या प्रतिक्रिया याच होत्या. वाह, जबरदस्त, आग. पाच-एन-एन. मीही दुसऱ्यांच्या रीलखाली तेच टाकत होतो, आवाज बंद ठेवून.

यादीत मराठी गवई किंवा वादक का नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत होता. माझं उत्तर असं, की आपल्याकडच्या कलावंताच्या आयुष्यात रेडिओ कधी खेळणं म्हणून आलाच नाही.

खरं तर सुरुवात हौशींनीच केली होती. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनराड हा हौशी माणूस आपल्या गॅरेजमधून रेकॉर्डी वाजवायचा. रेकॉर्डी कमी पडल्या तेव्हा गावातल्या दुकानाकडून आणल्या आणि बदल्यात दुकानाचं नाव हवेत घेतलं. त्यातूनच १९२० साली केडीकेए हे स्टेशन उभं राहिलं. आणि १९२२च्या आरंभी अमेरिकी सरकारनं हौशींना संगीत प्रसारित करायला बंदी घातली. म्हणजे ज्यांनी गाणं हवेत नेलं त्यांनाच आधी दाराबाहेर काढलं. आपल्याकडेही १९२३च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनं कार्यक्रम प्रसारित केले, त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबनं, १९२४मध्ये मद्रासच्या. सगळे क्लब, सगळे हौशी. मग १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आली, ती तीन वर्षांत बुडाली, आणि रेडिओ सरकारचा झाला.

सरकारचा रेडिओ म्हणजे परीक्षा. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला बंदी केली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे कारण. ही बंदी तीन दशकं घट्ट राहिली. पेटीशिवाय ज्यांचं भजन उभंच राहत नाही अशा गावोगावच्या मंडळींना हे कसं वाटलं असेल याची कल्पना करा. १९५२ ते १९६२ बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम, आणि तितकीच चित्रपटगीतांवर खप्पा मर्जी. सिनेमाची गाणी आटली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, शेवटी १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांवर हसणं सोपं आहे. संस्थानं गेल्यावर गवयांना आधार दिला तो याच आकाशवाणीनं, हेही तितकंच खरं. पण त्यांच्या काळात ऑडिशन आणि श्रेणीची पद्धत घट्ट झाली, आणि कलावंताच्या मनात रेडिओची प्रतिमा ठरून गेली. काचेपलीकडे परीक्षक, अलीकडे आपण, आणि निकालाचं पत्र पोस्टानं. ऐकणाऱ्यालाही सुटका नव्हती. १९८०च्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागायचा. ज्या वस्तूपुढे उभं राहताना छाती धडधडते, तिचं झाकण उघडून आत डागणी घालावी असं कुणाला वाटेल?

एकदाच मुंबईत हौशी रेडिओ आणि गाणं पुन्हा एकत्र आले. १९४२ सालचं काँग्रेस रेडिओ. युद्ध सुरू झाल्यावर हौशींचे परवाने रद्द झाले होते. त्यांपैकी नरीमन प्रिंटर हा गुप्त ट्रान्समीटर उभा करणाऱ्यांत होता. २७ ऑगस्टपासून बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथी जागा बदलत बदलत बोलत राहिले. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, दोन्ही रेकॉर्डी. १२ नोव्हेंबरच्या रात्री पोलीस आत शिरले तेव्हा शेवटची रेकॉर्ड लागलेली होती, आणि उषाबेननी ती थांबवायला नकार दिला. आपल्याकडे उषाबेनच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, ते योग्यच. माझं लक्ष त्या तबकडीकडे जातं. ती वाजवणंही गुन्ह्यातच मोडत होतं, आणि खोलीतल्या कुणालाच तिचं पाच-नऊ-नऊ मिळणार नव्हतं. पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, हे कळायची सोयच नव्हती.

मी अजून परवाना काढलेला नाही. परीक्षा द्यायची आहे. तोवर एसएसबी असलेला एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घेतलाय आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत तार बांधलीय. यवतमाळात रात्री सात मेगाहर्ट्झवर ऐकायला बसलं तर आधी शेजारपाजाऱ्यांचे एलईडी दिवे ऐकू येतात, मग कुणाचा तरी इन्व्हर्टर, मग शहराबाहेरच्या मोटारपंपांची घरघर. मे महिन्यात त्यात लांबवरच्या विजांचा कडकडाट. सगळ्या गावाची वीज गेली की मात्र असं वाटतं, कुणी तरी डोळ्यांवरचा पदरच काढला. खरखर एकदम खाली बसते. लोडशेडिंगची वाट पाहणारा आमच्या आळीतला मी एकटाच असेन. आईला हे सांगायची सोय नाही.

गेल्या आठवड्यात अशीच वीज गेली. घामानं अंग भिजलेलं, खाली कुत्री भुंकत होती. सात मेगाहर्ट्झच्या तळाशी एक हात ऐकू आला. फार सावकाश. सारखं हाक देत होता, कुणी आहे का, कुणी आहे का, आणि मग स्वतःची खूण, ‘व्हीयू’नं सुरू होणारी, म्हणजे आपल्याच देशातला कुणी. टिंबं नीट होती, पण प्रत्येक अक्षराच्या शेवटच्या रेघेवर तो जरा जास्त रेंगाळायचा. खंजिरीवाले काका समेच्या आधी रेंगाळतात तसा. मी पट्टी काळी एकला आणली. हाक संपली की तो थांबायचा. सात एककं नाही, चांगली वीसेक सेकंद, कुणी उत्तर देईल म्हणून. मला उत्तर देता येत नव्हतं. भजनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख, वेळ, त्याची खूण लिहिली, आणि त्यापुढे आकडे: चार-तीन-नऊ. चार, कारण एक अक्षर माझ्या हातून सुटलं होतं. तीन, कारण आवाज खरंच बारीक होता. पाचव्या हाकेला कुणी तरी त्याला उत्तर दिलं. कोण ते मला ऐकू आलं नाही, फक्त याचा हात एकदम थोडा जलद झाला, आणि तेवढ्यात वीज आली.